समुद्र आमच्या मागीलदारी

पुण्यात कुणालाही सांगितलं की आम्ही मुरुडला घर बांधतोय, की पहिला प्रश्न ठरलेला, जंजिऱ्याचं मुरुड का? नाही, दापोलीचं, हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. मग लगेच दुसरा, वा, म्हणजे घरातून समुद्र दिसत असेल! तर नाही दिसत. ऐकू येतो, रात्री तर अगदी उशाशी असल्यासारखा ऐकू येतो, पण दिसत नाही. आणि तो दिसत नाही हेच बरोबर आहे, हे आम्हा दोघांना पटायला पाच वर्षं गेली.

मुरुडला गेला असाल तर गावाची रचना आठवत असेल. मधून एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि समुद्राच्या बाजूला जी घरं आहेत त्यांच्या मागे लांबच लांब वाड्या, नारळ-पोफळीच्या, पार पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत गेलेल्या. घराचं तोंड रस्त्याकडे. समुद्र मागीलदारी. नवऱ्याच्या आजोबांचं घर यातलंच, चिऱ्याचं, म्हणजे कापलेल्या जांभ्या दगडाचं जोतं, वर मातीत बांधलेल्या भिंती, पुढे ओटी आणि मागे पडवी. आम्ही लग्नानंतर वर्षातून एकदा जायचो, मे महिन्यात, आंबे खायचे, हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा, परत यायचं. घर कुणीतरी सांभाळतंय, आहे, एवढंच डोक्यात असायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर चढलं आणि मुरुड, आंजर्ले, केळशी हा सगळा पट्टा त्याच्या शेजारीच. लॉकडाऊन, त्यात फोन बंद, लाइट नाही, आम्हाला चार दिवस काहीच कळलं नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंच्या मुलाने दापोलीच्या अलीकडे कुठेतरी रेंज पकडून तीन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत घराचं छप्पर नव्हतं. दुसऱ्यात वाडी, म्हणजे वाडी जिथे होती ती जागा, माड एकावर एक पडलेले, पोफळी तर मधूनच मोडलेल्या, काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा. तिसरा फोटो विहिरीचा होता, ती तेवढी शाबूत. नवरा तो दुसरा फोटो बराच वेळ बघत बसला होता, त्यातले काही माड त्याच्या आजोबांनी लावलेले, आणि माड लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात हे त्याला लहानपणापासून माहीत.

त्या पावसात भिंती भिजल्या आणि ऑगस्टमध्ये दोन भिंती बसल्या. मातीची भिंत छपराशिवाय एक पावसाळा काढू शकत नाही. उरलं ते जोतं.

मग आम्ही ठरवलं, बांधायचं. आणि खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात जे घर होतं ते जाहिरातीतलं होतं. वाडी तर गेलीच आहे, मग घर पुढे न्यायचं, पुळणीजवळ, वरचा मजला, पश्चिमेला पूर्ण काच, अंथरुणातून समुद्र. पुण्यातल्या आर्किटेक्ट मुलीने तसं ड्रॉइंगही करून दिलं, सुंदर होतं, मी ते फोनच्या स्क्रीनवर लावून ठेवलं होतं.

पहिला अडसर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या सरकारी नियमांचा. हे ज्यांना कोकणात किनाऱ्यालगत काही करायचंय त्यांनी जागा बघायच्या आधीच समजून घ्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनाऱ्याच्या बांधकामांची पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची, मग २०१९ ची. गावाकडच्या किनाऱ्यावर भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम नाही, आणि ही भरती रेषा म्हणजे आपण संध्याकाळी फिरताना ओली वाळू बघतो ती नव्हे, ती सरकारी नकाशावर आखलेली असते. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांना ५० मीटरची सवलत दिली, पण त्यासाठी २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं लागतात, आमचं गाव काही त्यात बसत नाही. आमचं जोतं रेषेपासून साधारण १४० मीटरवर. म्हणजे नवीन घर नाहीच. पण तिथे आधीपासून अधिकृत घर असेल तर ते दुरुस्त करता येतं, पुन्हा बांधता येतं, फक्त जोत्याचं क्षेत्रफळ जुनं होतं तेवढंच ठेवायचं आणि चटई क्षेत्रही, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, वाढवायचं नाही.

म्हणजे आजोबांनी जिथे आणि जेवढं जोतं घातलं, तिथेच आणि तेवढंच. ३८ फूट बाय ३२ फूट.

आता ते घर आधीपासून होतं हे सिद्ध करायचं. ग्रामपंचायतीचा उतारा होता पण जुनी नोंद हवी होती, आणि ती सापडली सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, १९७४ ची घरपट्टीची पावती, लुगड्याच्या घडीत ठेवलेली. सासूबाई आता नाहीत. कशासाठी जपली असेल त्यांनी कोण जाणे, पण त्या पावतीवर आमचं सगळं घर उभं आहे. त्यानंतरही मोजणी, नकाशे, अर्ज, दापोली आणि रत्नागिरीच्या फेऱ्या यात दीड-दोन वर्षं गेली. मध्ये मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला होता, तेव्हा उडायला छप्परच नव्हतं तरी.

मी मात्र काचेवर अडून होते. पुढे नाही तर नाही, पण पश्चिमेची भिंत तरी काचेची करू. ते ड्रॉइंग काकूंना दाखवलं. त्या चष्मा लावून नीट बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "अगो छानच आहे, पण पावसात कुठे जाशील तू?" मला कळलंच नाही. मग त्यांनी मला त्यांच्या मागच्या पडवीत नेलं. तिथे पश्चिमेच्या अंगाला भिंतीला एकही मोठी खिडकी नव्हती. छप्पर खाली उतरत उतरत आलेलं, कमरेपर्यंत, आणि दर मे महिन्याच्या शेवटी त्याच्याही पुढे झावळ्यांची झापं बांधायची, झड आत येऊ नये म्हणून. नैर्ऋत्येचा वारा चार महिने त्याच बाजूने पाऊस आणतो आणि तो पाऊस वरून खाली पडत नाही, आडवा येतो. दापोलीच्या बाजूला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच्याबरोबर मीठ. "समुद्र बघायचा तर उठून दोन पावलं चालत जावं," काकू म्हणाल्या, "त्याला घरात कशाला बोलवायचा."

मी परत आल्यावर आर्किटेक्ट मुलीला फोन केला आणि सांगितलं की नवीन ड्रॉइंग कर, जुन्या घरासारखं. ती बिचारी पुढच्याच शनिवारी आमच्याबरोबर आली, काकूंच्या घराची मापं घेतली, छपराचा उतार मोजला, पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडतात तेही मोजलं. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानते, स्वतःचं चांगलं जमलेलं काम बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात करणं सोपं नसतं.

काम सुरू झालं २०२३ च्या दिवाळीनंतर. कोकणात बांधकामाचं वर्ष सहा-सात महिन्यांचंच, दिवाळी ते मे. पावसात चिरेखाणी बंद, रस्ते वाईट, माणसं शेतीवर. आम्ही दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी पहाटे निघायचो, ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली, सहा तास तरी लागतातच. नवरा तोवर रिटायर झाला होता, माझी नोकरी चालू, त्यामुळे मी लॅपटॉप घेऊन काकूंच्या ओटीवर बसायचे आणि कानात हेडफोन असले तरी अर्धं लक्ष चिऱ्याच्या आवाजाकडे.

चिऱ्याबद्दल लिहायलाच हवं कारण मी त्याच्या प्रेमात पडलेय. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा बऱ्यापैकी मऊ असतो, करवतीने कापता येतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि मग हवा लागली, ऊन लागलं की हळूहळू कडक होत जातो. आता खाणीत यंत्राने कापतात त्यामुळे सगळे चिरे एका मापाचे निघतात, पण जुन्या जोत्याचे चिरे हाताने तासलेले, मोठे, एकेक उचलायला दोन माणसं. जोत्याचे वरचे दोन थर ढिले झाले होते ते उतरवून परत बसवले, एकही दगड टाकला नाही. नवीन ४००० च्या आसपास लागले. बांधणारी माणसं विजापूरकडची होती, नवरा-बायको जोडीने काम करणारी, ती मला अक्का म्हणायची. त्यांच्यातली एक बाई चिऱ्यावर बोटाची टिचकी मारायची आणि आवाजावरून बाजूला काढायची, हा नको, हा चालेल. मी दोन-चारदा मारून बघितली, मला फरक कळत नव्हता, शेवटी शेवटी थोडा कळायला लागला. आत पिवळट मातीचा खिसा असलेला चिरा बद्द वाजतो.

आणि आता सळ्यांची गोष्ट.

घर चिऱ्याचं असलं तरी खिडक्या-दारांच्या वर चारी भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा आहे आणि न्हाणीघरावर पाण्याच्या टाकीसाठी छोटा स्लॅब. फेब्रुवारी २०२४. आम्ही पुण्यात, मिस्त्रींनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, पट्ट्याच्या सळ्या बांधून झाल्या, उद्या काँक्रीट. मला तो फोटो छान वाटला. नवरा बोटांनी तो फोटो मोठा करून बघत होता, आणि मग म्हणाला, सळ्यांच्या खाली खडीचे तुकडे सरकवलेत, कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी साच्यापासून ठरावीक अंतरावर उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे, नाहीत. समुद्रकाठच्या काँक्रीटला सळीच्या बाहेर ४५ मिलिमीटर काँक्रीट हवं आणि ग्रेडही, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत, एम-३० ची हवी, हे त्याने आधी दहादा सांगितलेलं होतं. कारण हवेतलं मीठ ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरत मुरत सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही दहा-पंधरा वर्षांच्या बिल्डिंगच्या बाल्कन्यांखाली बघा, लाल सळ्या लोंबताना दिसतील.

याने फोन केला, मिस्त्री, उद्या टाकू नका. मिस्त्री म्हणाले, "साहेब, वीस वर्षं असंच टाकतोय, कुठं काय झालंय?" नवऱ्याने फोनवर वाद घातला नाही. पहाटे साडेचारला निघाला, एकटाच, अकराच्या आत पोचला आणि मिस्त्रींना स्कूटरवर मागे बसवून किनाऱ्यावरच्या एका लॉजपाशी घेऊन गेला. त्याच्या बाल्कनीचा कोपरा पडलेला, सळ्या उघड्या. दोघं खाली उभे राहून बघत होते. बराच वेळ गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "ही मीच टाकलेली आहे."

एवढंच. परत आले आणि दुपारी दोघांनी मिळून पीव्हीसी पाइपचे ४५ मिलिमीटरचे तुकडे कापले, त्यात सिमेंटचा माल भरून कव्हर ब्लॉक पाडले, ते सुकायला आणि पाण्यात मुरायला आठवडा दिला आणि मगच पट्टा ओतला. त्या दिवसानंतर मिस्त्री आमच्यापेक्षा कडक झाले. प्रत्येक फोटोत सळीला टेप लावलेली असायची, आकडा दिसेल अशी. आता ते दुसऱ्यांच्या कामावरही तसेच ब्लॉक पाडून घेतात असं काकूंचा मुलगा सांगत होता, आणि मला घरापेक्षाही जास्त आनंद त्याचा झाला.

पाण्याचंही तसंच. वाडीतली विहीर हिवाळ्यात गोडी, पण एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ व्हायला लागतं, आणि मचूळ पाणी काँक्रीटमध्ये घातलं तर मीठ आपणच आत कोंडलं. म्हणून काँक्रीटची सगळी कामं फेब्रुवारीच्या आत उरकायची असं ठरवलं, आणि स्लॅब राहिला तो पुढच्या हंगामावर ढकलला. लोक म्हणाले एका स्लॅबसाठी वर्ष घालवता? पण घालवलं.

२०२४ च्या पावसात भिंतींच्या डोक्यावर प्लास्टिक आणि झापं बांधून ठेवली. फार काही झालं नाही त्या चार महिन्यांत, फक्त वाट बघणं.

दुसऱ्या हंगामात खरी परीक्षा होती छपराची. इथे हल्ली सगळे लोखंडी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून त्यावर कौलं घालतात, स्वस्त पडतं, पटकन होतं. आम्ही लाकूडच घ्यायचं ठरवलं, ऐन आणि किंजळ, सागवान परवडणारं नव्हतं. लाकूड यायला उशीर झाला, जानेवारीत येणार होतं ते मार्चच्या शेवटी आलं, मग सुतार दुसऱ्या कामात अडकले, असं करत वासे आणि रीपा पूर्ण व्हायला मे चा मध्य उजाडला. कौलं मंगळुरी, एकूण २७०० च्या आसपास लागणार होती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि मग ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या जुन्या छपराची वादळातून वाचलेली ९०० कौलं काकूंच्या मुलाने गोळा करून गोठ्यात रचून ठेवली होती, पाच वर्षं, न सांगता.

१८ मे २०२५ ला कौलं चढवायला सुरुवात केली. हिशोब असा की जूनचा पहिला आठवडा हातात आहे. आणि २० तारखेपासून पाऊस. वळीव असेल, थांबेल, असं दोन दिवस सगळे म्हणत होते पण तो थांबायलाच तयार नव्हता, आणि मग कळलं की मान्सूनच आलाय, २४ तारखेला केरळात, २५ ला सिंधुदुर्गात, २६ ला मुंबईत! एवढ्या लवकर मुंबईत तो आल्याची नोंदच नाही. मी रजा टाकून गेले होते. मिस्त्रींनी ठरवलं, पूर्वेचं राहू दे, आधी पश्चिमेचा उतार. खाली मी, काकू, त्यांची सून, मग शिडीवर दोघं, वर नवरा आणि सुतार, अशी साखळी करून कौलं वर दिली. ओलं कौल केवढं जड होतं ते मला तेव्हा कळलं. पागोळीच्या ओळीतलं आणि आढ्यावरचं प्रत्येक कौल तांब्याच्या तारेने रीपेला बांधायचं होतं, निसर्गमध्ये कडेचीच कौलं आधी उचलली गेली आणि मग वारा आत घुसून बाकीचं छप्पर घेऊन गेला होता, म्हणून ते बांधल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही असं नवऱ्याने ठरवलं होतं आणि भर पावसात त्याने ते पाळलं. २५ ला रात्री नऊला, बॅटऱ्यांच्या उजेडात, पश्चिमेचा उतार बंद झाला. पूर्वेवर ताडपत्री. त्या रात्री आम्ही दोघं घरात झोपलो, जमीन नाही, दारं नाहीत, खाली मुरूम आणि त्यावर सतरंजी. वारा पश्चिमेकडून येत होता आणि वरून एक थेंब आला नाही. नवरा म्हणाला, माडांचा आवाज नाहीये. खरंच, पूर्वी या घरात पाऊस ऐकायचा म्हणजे आधी झावळ्यांवर वाजायचा आणि मग कौलांवर, आता सरळ कौलांवरच.

पूर्वेची बाजू मधल्या उघडिपीत जूनमध्ये झाली. याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला वाडीत २४ माडाची रोपं लावली, बाणवली जातीची, आणि मध्ये पोफळी. त्यांना आडोसा म्हणून पुळणीच्या कडेला सुरू आणि केतकी. त्याच्याही पुढे मर्यादवेल आपली आपण पसरलीये, जांभळ्या फुलांची, वाळू धरून ठेवते, ती कुणीही उपटायची नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. मागच्या बाजूला बाहेर दिवाही लावणार नाही आहोत, इथल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात.

मागीलदारापासून पुळणीपर्यंत १९० पावलं आहेत, मी मोजली. वाडी वाढेपर्यंत सात-आठ वर्षं रोपांच्या डोक्यावरून समुद्राची एक पट्टी दिसेल आणि मग ती झाकत जाईल.

मोठ्या काचेच्या जागी आता पडवीच्या आत एकच खिडकी ठेवलीये, अडीच फूट बाय तीन. पावसाळाभर तिला झाप बांधलं होतं. फणसाच्या फळ्या वर्षभर वाळवून ओटीवर रचून ठेवल्यात, सोमवारपासून सुतार बसणार आहेत, आधी ती खिडकी आणि मग दारं. काकूंचा कालच निरोप आलाय, येताना पुण्याहून बिजागऱ्या पितळेच्या आणा, खिळेसुद्धा लोखंडाचे नकोत, आणि झाप सोडू नका, खिडकी बसेपर्यंत.